‘बरं आहे’ म्हणजे किती?

आमच्या एक आत्या निपाणीस जुन्या पेठेत राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. डाव्या खुब्याचा सांधा झिजून झिजून अशा अवस्थेला आला होता की तीन वर्षे त्यांना रात्रीची सलग झोप ठाऊक नव्हती. मुलांनी पुष्कळ आग्रह केल्यावर त्या शस्त्रक्रियेस तयार झाल्या. बेळगावच्या एका इस्पितळात खुबा बदलला. सहा महिन्यांनी तपासणीची तारीख आली तेव्हा त्यांना घेऊन जाण्याचे काम आमच्याकडे आले.

डॉक्टर तरुण आणि मनमिळाऊ होते. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, पाय उचलून, वळवून पाहिला, चार पावले चालायला लावले. मग विचारले, “आजी, आता कसं आहे?” आत्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “बरं आहे की डॉक्टरसाहेब. तुमच्या हाताला यश आहे.” डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि ते प्रसन्न दिसले. आम्हीही प्रसन्न झालो.

त्याच रात्री जेवणे झाल्यावर आत्या सुनेला सांगत होत्या ते आमच्या कानावर पडले. देवपूजा त्यांनी सोडली होती. मांडी घालून बसायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, पाटावर बसायचे नाही, ही पथ्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांना बजावून सांगितली होती. म्हणजे बसायचे ते खुर्चीवर. आणि खुर्चीवर बसले की देव्हाऱ्यातले देव त्यांच्या गुडघ्याच्या खाली येत. “देव पायाशी ठेवून पूजा करायची काय?” एवढेच त्या म्हणाल्या. वयाच्या सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आलेल्या बाईने साठ वर्षांची पूजा सुनेच्या हाती दिली होती, आणि सकाळी डॉक्टरांना उत्तर दिले होते, बरं आहे.

हे उत्तर खोटे होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. पण ते खरे होते असेही म्हणवत नाही. एखादी शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मनात घर करून बसला आहे.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण असून ते ज्याचे त्यालाच मनाच्या द्वारे प्रत्यक्ष होतात, असे नैयायिक सांगतात. दुसऱ्याच्या दुःखाचे आपल्याला प्रत्यक्ष नाही. तो लंगडतो, कण्हतो, यावरून आपण अनुमान करतो. किंवा तो सांगतो आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. एक्स-रे, पायाची लवचीकता, चालण्याची ढब ही सारी अनुमानाची सामग्री आहे. दुखणे त्यात नाही, दुखण्याची चिन्हे आहेत. मग शब्द उरतो. कोणाचा शब्द प्रमाण मानावा, याचे वात्स्यायनाने न्यायसूत्रावरील भाष्यात दिलेले उत्तर फार मोकळे आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. विद्या, जात, पद यांची अट नाही. या न्यायाने खुब्याच्या दुखण्याविषयी आप्त कोण असेल तर ती पेठेतली म्हातारी, डॉक्टर नव्हेत.

वैद्यकाला हे उमगण्यास बराच काळ लागला. बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शल्यविशारद होऊन गेले. प्रत्येक रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने पुन्हा शोध घ्यावा, त्याचे अखेर काय झाले ते कार्डावर नोंदवावे आणि ते जगजाहीर करावे, हा त्यांचा ध्यास होता. सहकाऱ्यांना तो मानवला नाही. १९१४ साली कॉडमन मोठ्या इस्पितळाची जागा सोडून बाहेर पडले. स्वतःच्या लहानशा इस्पितळातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात आपल्या १२३ चुका मांडल्या. ज्या व्यवसायात यश सांगण्याचीच रीत होती त्यात हे धाडस विरळच. तरीही कॉडमनच्या कार्डावर लिहिणारा हात डॉक्टरचाच होता.

कृत्रिम खुब्याच्या मोजमापाचेही प्रथम तसेच झाले. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी असा सांधा बसविला. आजचा बहुतेक कृत्रिम खुबा त्याच वंशातला. त्यांनी वेदना, हालचाल आणि चालणे यांना एक ते सहा असे गुण देण्याची फ्रेंच पद्धत स्वीकारली, पण गुण डॉक्टरनेच द्यायचे. १९६९ साली अमेरिकेतील विल्यम हॅरिस यांनी शंभर गुणांचे मापन तयार केले. त्यात वेदनेला ४४ गुण आहेत, बूट-मोजे घालण्याला ४, आणि सार्वजनिक वाहनात चढता येण्याला अवघा १. आमच्या निपाणी-बेळगाव मार्गावरील लाल बसची पहिली पायरी हॅरिस साहेबांनी पाहिली असती तर ही वाटणी निराळी झाली असती, असे आम्हास वाटते.

रुग्णाच्या हाती लेखणी आली ती १९९६ च्या सुमारास. त्या वर्षी ऑक्सफर्ड येथे बारा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला दुखले किती, अंघोळ करून अंग पुसता आले काय, जिना चढता आला काय, जेवून खुर्चीवरून उठताना कळ आली काय, रात्री अंथरुणात दुखले काय. उत्तरे रुग्णाने द्यायची. आता प्रचलित असलेल्या पद्धतीने प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, आणि उत्तम बेरीज अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही लेखणी का हवी होती तेही दाखविले. खुबा बदललेला रुग्ण सुखात असेल तेव्हा त्याचे आणि डॉक्टरचे मत जुळते. रुग्णाला दुखत असेल तेव्हा दोघांच्या मतांत अंतर पडत जाते. म्हणजे डॉक्टरांचे अनुमान जेथे सर्वांत जास्त हवे, नेमके तेथेच ते लंगडे पडते.

एप्रिल २००९ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने खुबा बदलणाऱ्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी आणि सहा महिन्यांनंतर हे प्रश्न विचारण्याचा परिपाठ सुरू केला. त्यातून एक मौजेची गोष्ट निघाली. ऑक्सफर्डच्या बारा प्रश्नांनुसार शंभरात पंच्याण्णवाहून अधिक रुग्णांची प्रकृती सुधारलेली दिसते. पण त्याच रुग्णांना ‘आज तुमची एकूण तब्येत शून्य ते शंभरात किती?’ असे विचारले तर सुधारणा सांगणारे साधारण दोन-तृतीयांश भरतात. खुबा बरा होणे आणि माणूस बरा होणे यांत इतके अंतर आहे. ते अंतर कशाने भरते, हे अठ्ठेचाळीस गुणांत कोठेही लिहिलेले नसते.

आता आत्यांच्या प्रश्नावलीविषयी एक कबुली द्यावयाची आहे.

तपासणीच्या त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर एका मदतनीस मुलीने आमच्या हाती हाच बारा प्रश्नांचा कागद दिला होता. कागद इंग्रजीत. त्या मुलीची भाषा कन्नड, आत्यांची मराठी. तेव्हा दुभाषी म्हणून आम्हीच बसलो. मोज्यांचा प्रश्न आला. “आत्या, मोजे घालताना त्रास होतो काय?” आत्या हसल्या. “मोजे? जन्मात घातले नाहीत. आता काय शाळेत जायचं आहे?” पुढे रुग्ण बरेच होते, मुलगी घाईत होती. आम्ही ‘मुळीच त्रास नाही’ या चौकटीत खूण केली. चार गुण. मग प्रश्न आला, घरची बाजारखरेदी एकटीने करता का. आत्यांच्या घरची बाजारहाट गेली वीस वर्षे मुलगा करतो. आम्ही ‘सहज’ असे नोंदले. आणखी चार. रात्रीच्या दुखण्याचे उत्तर मात्र त्यांनी स्वतः, आम्ही प्रश्न पुरा करण्यापूर्वीच दिले: “झोप लागते रे बाबा, झोप लागते!” बेरीज चांगली आली. कोठल्या तरी तक्त्यात ती गेली असेल. तिच्यातले आठ गुण आत्यांचे नव्हते, आमचे होते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पाटावरून उठणे यांविषयी तर त्या कागदावर एक अक्षर नव्हते. तो कागद ज्यांनी रचला त्यांच्याकडे ती बैठकच नाही. त्यांचा दोष नाही. पण निपाणीच्या गल्ल्यांतून मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या बायांना कोणी हे बारा प्रश्न विचारले, तर त्यांच्या पोटापाण्याची बैठक त्यात सापडणार नाही हे तितकेच खरे. तिथे हजाराचा हिशेब कसा होतो हे त्या बाया चांगल्या जाणतात: बिड्या वळणारी एक, मोजणारा दुसरा, आणि कोणती नापास हे ठरविणाराही तोच.

वात्स्यायनाच्या दोन अटींकडे पुन्हा वळू. वस्तू स्वतः जाणलेली असणे ही पहिली अट आत्या पुरी करतात. दुसरी अट जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेची. गाठ पडते ती येथे, आणि तिचे नाव भीड. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आपल्या घरांतून ही भीड संस्काराच्या नावाने वाढविली गेली आहे. पाहुण्याने विचारले, बरं आहे. सासरहून माहेरी आल्यावर विचारले, बरं आहे. डॉक्टरने विचारले तर बरं आहेच, कारण त्याने उपकार केले आहेत आणि उपकारकर्त्यापुढे गाऱ्हाणे मांडणे हा कृतघ्नपणा. ‘बरं आहे’ हे आपल्याकडे मापन नसून नमस्कार आहे. नमस्काराची बेरीज करून सरासरी काढता येत नाही.

भिडेच्या खाली आणखी एक खोल थर आहे. त्याकडे अमर्त्य सेन यांनी लक्ष वेधले आहे. केरळात लोक सर्वांत अधिक जगतात आणि आजार असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही तेथेच मोठे. बिहारात आयुष्य कमी आणि तक्रारही कमी. लोकांच्या शब्दावरच विसंबले तर बिहार केरळपेक्षा निरोगी ठरेल. त्याहून हलविणारा दाखला कलकत्त्याजवळील सिंगूरचा आहे. बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ १९४४ साली तेथे पाहणी झाली. आपली प्रकृती बिघडलेली किंवा जेमतेम आहे असे विधुरांपैकी शेकडा ४८.५ जणांनी सांगितले. विधवांपैकी किती जणींनी? शेकडा २.५. त्या विधवा धडधाकट होत्या असे कोण म्हणेल? आपल्या प्रकृतीला कोणी विचारण्याजोगे मोल आहे, हेच त्यांना कोणी कधी जाणवू दिले नव्हते. आमच्या आत्याही गेली बावीस वर्षे विधवा आहेत. सिंगूरचा आकडा वाचल्यापासून त्यांचे ‘बरं आहे’ आम्हाला वेगळ्या आवाजात ऐकू येते.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, मग रुग्णाचा शब्द घ्यावाच कशाला? तो भिडेने वाकतो, सवयीने दबतो. शिवाय काळानुसार मोजणाराच बदलतो. ज्याने तीन वर्षे कळा सोसल्या त्याला थोडे दुखणे म्हणजे सुख वाटते, आणि वर्षभराने त्याच थोड्या दुखण्याचा त्याला वैताग येतो. दुखणे तेवढेच, फूटपट्टी आखूड-लांब होते. हा आक्षेप पोकळ नाही. चार्नली यांचाच इतिहास पाहावा. पॉलिएथिलीनच्या आधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली होती, सुमारे तीनशे रुग्णांत. रुग्णांना आरंभी फारच उत्तम वाटले. पण वाटी आत झिजत होती, आणि थोड्याच वर्षांत ते सांधे पुन्हा उघडावे लागले. ‘बरं आहे’ हे तेव्हा अगदी निर्भीड आणि प्रामाणिक उत्तर होते, तरी वाटीची झीज त्याला ठाऊक नव्हती. माणसाला आपले दुखणे कळते. आपल्या आत बसविलेल्या वस्तूचे भवितव्य कळत नाही. एक्स-रे आणि म्हातारी, दोघांनाही विचारले पाहिजे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपविता कामा नये.

पण आमच्या देशात अडचण रुग्णाचा शब्द फार मानल्याची कधीच नव्हती. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा, धातूच्या गोळ्यावर धातूचीच वाटी असलेला, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. ते घडले कारण इंग्लंड-वेल्समध्ये बसविलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवणारी वही होती, आणि पाच वर्षांत शेकडा बारा-तेरा रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे तिच्यात दिसून आले. घासलेल्या धातूचे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात हा सांधा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसविला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या प्रकरणाचा पाठपुरावा केला. पुढे केंद्र सरकारने २०१७ साली तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ साली तिच्या अहवालातून जे कळले ते असे: मदतवाहिनीकडे नोंदलेले रुग्ण सुमारे १,०८०. उरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा माग लागला नाही. ते कोठे आहेत, चालतात काय, जिवंत आहेत काय, ‘बरं आहे’ म्हणतात काय, कोणास ठाऊक नाही. भरपाई किती द्यावी यावर पुष्कळ चर्चा झाली, न्यायालयापर्यंत गेली. पैसा कोणाच्या पत्त्यावर पाठवायचा, हा प्रश्न त्याहून जुना होता.

म्हणून विचारणे हे आम्हाला शिष्टाचाराहून किंवा संशोधनाहून निराळ्या पंक्तीचे कर्तव्य वाटते. एखाद्याच्या देहात आपण आपली वस्तू ठेवतो, तेव्हा तिचे पुढे काय झाले हे ऐकण्याचे ऋण आपल्यावर चढते. ते ऋण कसेही विचारून फिटत नाही. उपकारकर्त्याने स्वतः विचारले तर नमस्कारच मिळेल. विचारणारा दुसरा कोणी हवा. प्रश्न विचारला जाणाऱ्याच्या भाषेत हवा, आणि भाषा म्हणजे केवळ अनुवाद नव्हे. मोज्यांच्या जागी पाट आला पाहिजे, मोटारीच्या जागी बसची पायरी. दुभाषी घरचा असला तर तो आमच्यासारखा घाईने आठ गुण आपल्या पदरचे घालणार, हेही धरून चालावे. आणि सर्वांत अगत्याचे हे की शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे: तुम्हाला पुन्हा काय करता यावेसे वाटते? सिंगूरच्या विधवांना हा प्रश्न कोणी केला असता तर पहिल्या दिवशी त्या गप्प राहिल्या असत्या, असा आमचा तर्क आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कदाचित बोलल्या असत्या. विचारल्याने माणसाला तक्रारीचा आवाज येतो, आणि आवाज आल्याने आकडा बिघडतो. बिघडलेला तो आकडा आम्हाला अधिक विश्वासाचा वाटतो.

अलीकडे पाश्चात्त्य डॉक्टरांनी आणखी एक प्रश्नावली काढली आहे, २०१२ साली. दिवसाच्या कामांत आपल्याला कृत्रिम सांध्याची आठवण किती वेळा होते, एवढेच ती विचारते. आठवण जितकी कमी, तितके यश मोठे. कल्पना सुंदर आहे. पण आत्यांचा खुबा त्यांना आठवतो तो दुखण्यामुळे नव्हे, रोज सकाळी देवघरावरून जाताना आठवतो. ही आठवण त्या कोष्टकात कशी बसवावी हे आम्हास उमगलेले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा निपाणीस गेलो, या वेळी कागद न घेता. दुपारी सारे निजल्यावर आत्यांना विचारले, ऑपरेशनपूर्वी मनात काय काय होते? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग बोटे मोडून म्हणाल्या, रात्री झोप लागावी, एकदा एकटीने बसने कोल्हापूरला अंबाबाईला जाऊन यावे, आणि पूजा. झोप मिळाली. अंबाबाई झाली, पण नातू सोबत होता आणि बसच्या पायरीवर त्यानेच उचलून घेतले, तेव्हा ती अर्धी. पूजा गेली. हे सारे आधी ठाऊक असते तर ऑपरेशन केले असते काय, असे आम्ही विचारले. त्या किंचित रागाने म्हणाल्या, “त्या तीन वर्षांच्या रात्री तू काढल्या नाहीस.”

सून हे दाराशी उभी राहून ऐकत होती. पूजा सोडण्याचे खरे कारण तिलाही नीट ठाऊक नव्हते. वयामुळे झेपत नसेल असे तिने धरले होते. त्याच आठवड्यात तिने सुताराला बोलावले. देव्हारा भिंतीवर चढवायचा, खुर्चीत बसले तरी देव वर राहतील इतका. उंचीवरून दोघींचा थोडा वाद झाला. शेवटी सुताराने आत्यांना खुर्चीत बसविले, जमिनीपासून त्यांच्या कपाळापर्यंत टेप धरली आणि त्याच्या वर चार बोटे सोडून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.